केदारेश्वर बॅनर्जी : हरवलेल्या चिन्हांचा शोध

ओरछा गेटातून बाहेर पडून बेतवेच्या दिशेने निघाले की वाटेच्या दोन्ही अंगांना गुलाबी-करड्या ग्रॅनाइटचे खडक दिसू लागतात. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक बुंदेलखंडाचा पाया होय. पांढऱ्या गारगोटीच्या लांबलचक भिंती या प्रदेशातून ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे कित्येक किलोमीटर धावताना आढळतात. या परिसरात वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी गारगोटीचे चकाकते तुकडे दप्तरात भरून आणले नाहीत असा विरळाच. त्या तुकड्याच्या आत अणू कोणत्या रचनेने बसलेले असतात, हा प्रश्न मात्र बाळपणी कोणी विचारीत नाही. ज्यांनी तो गणिताच्या साहाय्याने सोडविण्याची एक नवी दिशा दाखविली, ते डॉ. केदारेश्वर बॅनर्जी सात वर्षे अलाहाबाद विद्यापीठात अध्यापन करीत होते. आपल्या भागातील जुन्या पिढीला ते विद्यापीठ परके नव्हते. बॅनर्जींचे नाव मात्र आज भौतिकशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसे ऐकू येत नाही.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १९०० रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. कलकत्ता विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर ते बहुबाजार रस्त्यावरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. ते दिवस त्या संस्थेच्या वैभवाचे होते. साधने तुटपुंजी, पण माणसे असामान्य! रामन प्रकाशाच्या विकिरणात मग्न होते, के. एस. कृष्णन त्यांच्या बरोबरीने राबत होते, आणि तरुण बॅनर्जी क्ष-किरणांकडे वळले.

क्ष-किरणांनी स्फटिकाचे अंतरंग उघडता येते हे तेव्हा नवेच होते. १९१२ साली जर्मनीत लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण पाठविण्यात आले आणि छायाचित्राच्या काचेवर रेखीव ठिपके उमटले. पाठोपाठ इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचे पुत्र लॉरेन्स यांनी त्या ठिपक्यांवरून मीठ, हिरा अशा पदार्थांची रचना उलगडली. १९१५ चे नोबेल पारितोषिक पितापुत्रांना मिळाले. गणित तर त्याहून आधी सिद्ध होते. आपल्या अंगणातील ठिपक्यांची रांगोळी आठवावी. ठिपके सारख्या अंतरावर, आणि एकच आकृती पुनःपुन्हा येणारी. सपाट पृष्ठभागावर अशी पुनरावृत्ती सममितीच्या दृष्टीने केवळ १७ प्रकारांनी करता येते. लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही दिशांना ती केली तर प्रकार होतात २३०. रशियात फेदोरोव्ह आणि जर्मनीत श्योनफ्लीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, एकही अणू न पाहता, ही संख्या काढून ठेवली होती. निसर्गातील प्रत्येक नियमित स्फटिक या २३० पैकी कोणत्या तरी घरात बसतो.

परंतु रांगोळीचे ठिपके कळले म्हणून आकृती कळत नाही. त्याच ठिपक्यांवर कोणी कमळ काढील, कोणी गोपद्म. मीठ वा हिरा यांत अणू थोडे, म्हणून आकृती तर्काने सापडली. सेंद्रिय पदार्थांचे रेणू अधिक गुंतागुंतीचे. बॅनर्जींनी हात घातला तो अशाच एका पदार्थाला, आणि तो आपल्या प्रत्येक घरात असतो. पैठणी-शालूंच्या पेटीत ठेवायच्या ज्या डांबरगोळ्या, त्यांतील नॅफ्थॅलीन. रसायनशास्त्रज्ञ कागदावर त्याच्या रेणूत कार्बनची दोन षट्‌कोनी कडी चिकटलेली दाखवीत. त्याचा भाऊ अँथ्रासीन, त्यात तीन कडी. थोरल्या ब्रॅग यांनी या दोन्ही स्फटिकांची मापे पूर्वीच घेतली होती. दोघांच्या दोन बाजू जवळजवळ सारख्या, तिसरी मात्र अँथ्रासीनमध्ये सुमारे अडीच अँगस्ट्रॉमने लांब, म्हणजे जवळजवळ एका कड्याच्या रुंदीइतकी. तथापि ती कडी स्फटिकात नेमकी कशी आणि किती कललेली उभी असतात हे ठरायचे होते. बॅनर्जींनी ते ठरविले, आणि १९३० मध्ये त्यांचे टिपण 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिशीच्या आतील एका भारतीयाने, भारतातच बसून केलेले हे काम होते.

पुढील वर्षी ते लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये थोरल्या ब्रॅग यांच्याकडे गेले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे चिंतन याच काळातले, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

स्फटिकातील इलेक्ट्रॉनांची दाटी ही असंख्य लहानमोठ्या लाटांची बेरीज मानता येते. छायाचित्रावरील प्रत्येक ठिपका अशा एकेका लाटेचा साक्षीदार. ठिपका जितका ठळक, तितकी लाट उंच. पण त्या लाटेचा उंचवटा नेमक्या कोणत्या जागी येतो, म्हणजे तिची कला कोणती, हे ठिपका सांगत नाही. ही माहिती छायाचित्र घेतानाच नष्ट होते. स्फटिकात केंद्रसममिती असेल तर प्रश्न थोडा सोपा होतो : केंद्राशी उंचवटा आहे की खळगा, एवढेच ठरवायचे, म्हणजे प्रत्येक ठिपक्यापुढे अधिक चिन्ह लिहायचे की उणे. सोपे वाटते खरे. पण १० ठिपक्यांची चिन्हे १,०२४ प्रकारांनी लिहिता येतात, २० ठिपक्यांची १०,४८,५७६ प्रकारांनी, आणि १०० ठिपके घेतले तर प्रकारांची संख्या ३१ अंकी होते. त्या काळचे संशोधक यावर उपाय म्हणून आधी रचनेचा अंदाज बांधीत, त्यावरून ठिपके कसे यावेत याचे गणित करीत, आणि ते जुळले नाही की दुसरा अंदाज बांधीत. ज्याची कल्पनाशक्ती तल्लख त्याला यश, इतरांना वर्षानुवर्षांची खर्डेघाशी.

बॅनर्जींनी विचारले ते असे : अंदाज न बांधता, केवळ ठिपक्यांच्या ठळकपणावरूनच ही चिन्हे काढता येतील काय? अणू हे बिंदुरूप मानले तर वेगवेगळ्या लाटांची उंची परस्परांशी काही बैजिक समीकरणांनी बांधलेली असते, हे ऑट या जर्मन शास्त्रज्ञाने १९२७ साली दाखविले होते. मग चिन्हे मनास येतील तशी लिहिता येणार नाहीत. समीकरणे ज्यांना नाकारतील ते लाखो प्रकार आपोआप गळून पडतील आणि थोडेच उरतील. रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचे हे सार. स्फटिकरचना शोधण्याच्या ज्या मार्गाला पुढे प्रत्यक्ष पद्धती असे नाव पडले, त्याचा आरंभ या निबंधापासून मानला जातो.

आरंभ झाला, पण वाट तशीच पडून राहिली. मापनातील बारीक चुकाही अशा समीकरणांना सोसत नाहीत, शिवाय निरनिराळ्या जातींचे अणू एकत्र आले की बिंदूंचे गृहीतक लंगडे पडते. आकडेमोड सारी हाताने. १९३४ साली पॅटर्सन यांनी कलेची अडचण वळसा घालून टाळणारी दुसरी युक्ती काढली आणि बहुतेक संशोधक तिकडे गेले. तब्बल पंधरा वर्षांनी, १९४८ मध्ये, हार्कर आणि कॅस्पर यांनी चिन्हांना बांधणाऱ्या असमानता मांडल्या आणि हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. त्यानंतर अमेरिकेत हर्बर्ट हाउप्टमन आणि जेरोम कार्ल यांनी इलेक्ट्रॉनांची दाटी ऋण असूच शकत नाही या साध्या सत्याचा आणि संभाव्यतेच्या गणिताचा आधार घेऊन ही पद्धत खऱ्या अर्थाने चालती केली.

दरम्यान बॅनर्जी मायदेशी कामात होते. त्यांच्या नोकऱ्यांचा क्रम मोठा गमतीचा आहे. कृष्णन ढाका विद्यापीठातून कलकत्त्यास परतले, तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या जागी ढाक्याला बॅनर्जी गेले. कृष्णन अलाहाबादला गेल्यावर कलकत्त्याचे महेंद्रलाल सरकार प्राध्यापकपद १९४३ मध्ये बॅनर्जींकडे आले. पुढे कृष्णन दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक झाले, आणि काही वर्षांनी, १९५२ मध्ये, बॅनर्जी अलाहाबादला भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून दाखल झाले! दोघांत स्पर्धा होती असे यावरून कोणी समजू नये. त्या काळी या दर्जाची माणसे आणि त्यांना साजेशा जागा दोन्ही मोजक्याच होत्या.

ताग आणि कोळसा हे बंगालच्या मातीतले पदार्थ. त्यांत अणूंची शिस्त स्फटिकासारखी काटेकोर नसते, अर्धीमुर्धी असते. बॅनर्जींनी आपल्या विद्यार्थ्यांसह क्ष-किरणांनी तीही अभ्यासली. मला त्यांच्या चरित्रातील हा भाग विशेष मोलाचा वाटतो. लंडनमध्ये शुद्ध गणिताच्या शिखरावर पोहोचलेला हा मनुष्य घरी परतून गोणपाटाच्या धाग्याकडे तितक्याच आदराने पाहत होता. अलाहाबादची सात वर्षे संपल्यावर १९५९ मध्ये, जेथे उमेदवारी केली त्याच कलकत्त्याच्या संस्थेचे ते संचालक झाले आणि १९६५ पर्यंत त्या पदावर राहिले.

३० एप्रिल १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९८५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रत्यक्ष पद्धतींच्या विकासासाठी हाउप्टमन आणि कार्ल यांना देण्यात आले. बॅनर्जींचे पारितोषिक हिरावले गेले, असे आपल्याकडे कधी कधी बोलले जाते. ते न्याय्य नाही. त्यांनी मांडलेली समीकरणे जशीच्या तशी वापरून मोठे रेणू सुटले नसते, आणि विजेत्यांचे गणित वेगळे होते. परंतु चिन्हे हरवली आहेत म्हणून अंदाज बांधीत बसण्याचे कारण नाही, ती ठिपक्यांतच दडलेली आहेत, ही गोष्ट संगणक नसलेल्या काळात कागद-पेन्सिलीनिशी प्रथम करून दाखविली ती बॅनर्जींनी. आज औषधाचा एखादा नवा रेणू तयार झाला की त्याचा स्फटिक क्ष-किरणांपुढे धरतात, आणि १९३३ साली ज्या चिन्हांसाठी आठवडेच्या आठवडे आकडेमोड करावी लागे ती संगणक चहाचा पेला संपण्याच्या आत लिहून देतो.