झिग्मोंडींची गाळणी

चहाची गाळणी, ताक गाळायचे फडके, वैद्यांचे वस्त्रगाळ चूर्ण. गाळण्याची विद्या आपल्या घराला नवी नाही. पण डोळ्यांना न दिसणारे जीवाणू पाण्यातून वेगळे काढील, अशी गाळणी कशी घडवायची? हे कोडे रिचर्ड झिग्मोंडी यांनी सोडवले.

झिग्मोंडींचा जन्म १८६५ साली व्हिएन्नात झाला. वडील दंतवैद्य होते. १८८० साली ते वारले आणि चार मुलांचा भार आईवर पडला. मुलांना आल्प्स पर्वताचे वेड. पुढे १८८५ मध्ये रिचर्डचा थोरला भाऊ एमिल गिर्यारोहण करताना मरण पावला. घरातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत रमणारा रिचर्ड मात्र रसायनशास्त्राकडे वळला.

येना येथील काचकारखान्यात १८९७ पासून तीन वर्षे त्यांनी नोकरी केली. काचेला लाल रंग देणारे सोन्याचे कण नेमके कसे असतात, या प्रश्नाने त्यांना झपाटले होते. कवडशात धूलिकण चमकतात, त्याच धर्तीवर बाजूने प्रकाश टाकून असे कण दाखवणारा अतिसूक्ष्मदर्शक त्यांनी हेन्री झीडेन्टॉप्फ यांच्यासह १९०३ च्या सुमारास सिद्ध केला. कलिली द्रवांवरील या कार्यासाठी त्यांना १९२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कण दिसले, आता ते गाळायचे कसे? गॉटिंगेन विद्यापीठात १९१८ साली विल्हेल्म बाखमन यांच्या साथीने त्यांनी उपाय शोधला. नायट्रोसेल्युलोज हे बहुवारिक सेंद्रिय द्रावकांत विरघळवायचे, पातळ थर पसरायचा आणि दमट हवेत द्रावक उडू द्यायचा. मागे स्पंजासारखे सच्छिद्र पटल उरते. द्रावकांचे मिश्रण आणि हवेतील ओल सांभाळली, की छिद्रांचे माप हाती येते.

गंमत अशी, की द्रावकाने दिलेले द्रावकच हिरावून नेतो. नखांच्या रंगातही बहुधा हेच बहुवारिक असते. ॲसिटोनचा बोळा फिरवताच तो रंग विरघळतो, तसेच हे पटलही. पाणी किंवा रॉकेल गाळताना ते टिकते. काही द्रावकांत ते विरघळत नाही, नुसते फुगते. हा धोका अधिक फसवा. द्रावक रेणूंच्या लांब साखळ्यांत शिरून त्यांना सैल करतो, छिद्रांचे माप बदलते आणि गाळणी शाबूत दिसत असूनही भरवशाची राहत नाही.

१९२९ साली निवृत्तीनंतर काही महिन्यांतच झिग्मोंडी निवर्तले. पुढे महायुद्धात बाँबहल्ल्यांनी जर्मन शहरांच्या पाणीपुरवठ्याची वाताहत झाली, तेव्हा त्यांचे पटल उपयोगी पडले. पाणी त्यातून गाळायचे, पटल पोषक द्रव्यावर ठेवायचे. अडकलेल्या प्रत्येक जीवाणूची वसाहत वाढून नुसत्या डोळ्यांना दिसू लागते. कोणते पाणी पिण्यास धोक्याचे, हे जुन्या पद्धतीपेक्षा लवकर कळू लागले. त्या पाण्यावर कितीतरी मुलेबाळे अवलंबून होती.

द्रावकाचा प्रश्नही तिथेच थांबला नाही. पॉलिइमाइडसारखी चिवट बहुवारिके आली. १९९८ मध्ये अमेरिकेतील बोमाँट येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात वंगणतेलातून द्रावक गाळून परत मिळवण्यासाठी अशी पटले बसवण्यात आली. जे द्रावक झिग्मोंडींच्या पटलाला गिळून टाकतील, तेच आता पटलातून मुकाट्याने गाळले जातात. गाळणी तीच खरी, जी गाळायच्या द्रवापुढे स्वतः टिकून राहते.