जनरल हॅचर आणि नजरेचा अंदाज

रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून आपली काडतुसं आपणच तयार करण्याचा नाद ज्यांना लागतो, त्यांच्या कपाटात एक जाडजूड पुस्तक हमखास सापडतं. त्याचं नाव 'हॅचर्स नोटबुक', प्रकाशन १९४७ सालचं. लेखक अमेरिकन सैन्यातले मेजर जनरल ज्युलियन हॅचर. त्यांना जाऊन साठ वर्षं उलटली, पण नेमबाजांच्या वादात अजूनही शेवटी त्यांचंच पान उघडलं जातं.

मला हे नाव कळलं ते आमच्या चिरंजीवांमुळे. तो तुमच्यासारखाच छात्र. पॉइंट बावीसवरून पॉइंट बत्तीसच्या सेंटर फायर पिस्तुलाकडे वळला आणि सुट्टीत व्हाइटफील्डला घरी आल्यावर त्याने विषय काढला : काडतुसं महाग, त्यात एका पेटीचा नेम दुसऱ्या पेटीला लागत नाही, मग आपणच का भरू नयेत? पॉइंट बावीसच्या वेळी हा प्रश्न येत नाही, कारण त्यात आघाताचा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो. एकदा उडाली की ती पुंगळी भंगारात. सेंटर फायरची टोपी मात्र बुडाच्या मध्यभागी असते, ती काढून नवी बसवता येते. मी इथल्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटची भट्टी सांभाळतो. बंदुकीतलं मला फारसं कळत नाही, पण पोलाद कळतं. म्हणून हॅचरसाहेबांच्या आयुष्यातला जो भाग मला सगळ्यात जवळचा वाटला, तोच इथे जास्त सांगतो.

हॅचर यांचा जन्म १८८८ चा, व्हर्जिनियातला. शिकले ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत, १९०९ साली तिथून बाहेर पडले आणि थोड्याच काळात नौदल सोडून भूसेनेत गेले. पुढे शस्त्रास्त्र खात्यात त्यांचा जीव रमला. १९१६ च्या मार्चमध्ये पांचो व्हियाच्या माणसांनी मेक्सिकोची सीमा ओलांडून रात्रीच्या अंधारात कोलंबस या गावावर हल्ला केला. तेव्हा अमेरिकन घोडदळाच्या मशीनगन ऐन वेळी अडकल्या आणि वर्तमानपत्रांनी त्या बंदुकीची यथेच्छ टिंगल केली. हॅचरना सीमेवर पाठवलं गेलं. बंदुकीपेक्षा ती चालवणाऱ्यांचं शिक्षण कमी पडतंय, हे त्यांनी ओळखलं आणि टेक्सासमध्ये मशीनगनचं शिक्षण देणारी शाळा उभी केली. माझ्या मते इथेच त्यांचा पिंड दिसतो. हत्यार फसलं की त्याला शिव्या देण्याआधी ते का फसलं याची पायरी न् पायरी तपासायची.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ते स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात होते. १९१७ मध्ये तिथल्या १९०३ बनावटीच्या काही रायफली गोळी झाडताना फुटल्या. ज्या भागात बोल्ट बसतो, ज्याला रिसीव्हर म्हणतात, तोच तुकडे होऊन उडाला. नेमबाजाचा चेहरा तिथून वीतभर अंतरावर असतो. देश नुकताच युद्धात उतरलेला, सैनिकांच्या हातात या रायफली लाखांनी, आणि दोष कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

एक दोष काडतुसांत सापडला. काहींच्या पुंगळीचं बूड मऊ होतं. ते फाटलं की आतला तप्त वायू मागे उसळायचा. पण तेवढ्याने चांगलं पोलाद फुटायला नको होतं. मग रिसीव्हर तपासले, तर काही हातोडीच्या साध्या टोल्याने काचेसारखे तडकले. शोध घेत घेत गाडी घडाईच्या भट्टीपाशी येऊन थांबली. तिथले कारागीर वर्षानुवर्षांचे मुरलेले. पोलाद किती तापलंय हे ते त्याच्या रंगावरून, नुसत्या डोळ्यांनी ठरवत. भट्टीला पायरोमीटर लावून पाहिल्यावर कळलं, की लख्ख उन्हाच्या दिवशी या जाणत्या नजरेला जो रंग बरोबर वाटायचा, तो ढगाळ दिवसापेक्षा तीनशे अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापलेल्या पोलादाचा असायचा. तीनशे फॅरनहाइट म्हणजे सुमारे एकशे पासष्ट सेल्सियस. एवढं जास्त तापलं की पोलादाचे कण भरड होतात आणि ते ठिसूळ बनतं. नंतर कितीही नीट पाणी दिलं तरी ते सुधारत नाही.

हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि बराच वेळ गप्प बसलो. आमच्याकडेही जुने लोक रंगावरून तापमान सांगतात आणि बहुतेकदा बरोबर सांगतात. स्प्रिंगफील्डचे कारागीर आळशी नव्हते, अडाणीही नव्हते. बाहेर ऊन पडलं की डोळ्याची बाहुली आकसते, आणि ती आकसल्याचं डोळ्याला कळत नाही, एवढीच गोष्ट.

१९१८ च्या फेब्रुवारीत, साधारण आठ लाख क्रमांकाच्या पुढे, स्प्रिंगफील्डने पोलादावरची प्रक्रिया बदलली. आधीच्या रायफली मात्र एकदम मोडीत काढल्या नाहीत. त्या नंतरही कित्येक वर्षं वापरात होत्या. हॅचरनी फुटलेल्या रायफलींची यादीच केली : क्रमांक कोणता, काडतूस कुठलं, इजा काय झाली. कुणाचा डोळा गेला. कुणी चुकून जर्मन काडतूस भरलेलं, कुणाच्या नळीत काहीतरी अडकलेलं. कुणाला दोष न देता नोंद करणं फार अवघड असतं, हे कारखान्यात अपघाताचा अहवाल लिहिलेल्या कुणालाही विचारा.

दुसरी हकीकत १९२१ ची, राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेची. गोळीवरच्या धातूचा थर नळीत साचू नये म्हणून त्या वर्षीच्या काडतुसांत गोळ्यांना कथलाचा मुलामा दिला होता. नेमबाजांना गोळीला ग्रीस लावायची जुनी सवय. या काडतुसांना ग्रीस लावू नका अशी ताकीद होती, तरी काहींनी लावलंच. इकडे कथलामुळे गोळी पुंगळीच्या मानेत डाग दिल्यासारखी घट्ट चिकटलेली, आणि तिकडे ग्रीसमुळे त्या मानेला फुगून गोळी सोडायला जागाच उरलेली नाही. दाब भलताच वाढला आणि रायफलींचं नुकसान झालं. वेगवेगळ्या पाहिल्या तर दोन्ही गोष्टी निरुपद्रवी वाटतात.

चिरंजीवाला मी ही दोन प्रकरणं आधी वाचायला लावली, काडतूस भरायची कृती नंतर. कृती तशी सरळ आहे. पुंगळी साफ करून तपासायची, डायमधून काढून मूळ मापावर आणायची, उडालेली टोपी काढून नवी बसवायची, तोंड किंचित उमलवायचं, दारू तोलून घालायची, गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत बसवायची आणि तोंड आवळायचं. मेख आहे ती दारूच्या वजनात. पॉइंट बत्तीसच्या स्पर्धेच्या काडतुसात जेमतेम पाच-सहा तांदळाच्या दाण्यांच्या वजनाची दारू असते. पुंगळी बरीचशी रिकामीच राहते, म्हणून चुकून दोनदा दारू पडली तरी ती आत मावते आणि वरून काडतूस अगदी शहाण्यासारखं दिसतं. शिवाय दोन जातींची दारू दिसायला सारखी, पण जळण्याचा वेग निराळा. म्हणून दारू बनवणाऱ्याने छापलेल्या कोष्टकातलं किमान वजन घ्यायचं, टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा आणि प्रत्येक खेप वहीत लिहायची. आपल्याकडे हे सगळं शस्त्र कायद्याखाली येतं. परवान्याशिवाय आणि जाणत्या प्रशिक्षकाशिवाय घरात दारू आणि टोप्या आणायच्या नाहीत, हे पालकांनीही ध्यानात ठेवावं.

हॅचरना विचित्र प्रश्नांचाही कंटाळा नव्हता. सरळ आभाळात झाडलेली गोळी खाली येताना माणसाला मारेल का? महायुद्धानंतर फ्लोरिडात पाण्यावर मचाण उभारून, डोक्यावर चिलखती छप्पर घेऊन, मशीनगनने पाचशेच्या वर गोळ्या वर सोडल्या गेल्या. मचाणावर परत आल्या त्या फक्त चार.

१९२७ साली त्यांचं पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचं पुस्तक आलं, १९३५ साली त्याच विषयावरचं मोठं पाठ्यपुस्तक. दुसऱ्या महायुद्धात ॲबर्डीनच्या शस्त्रास्त्र प्रशिक्षण केंद्राची धुरा त्यांच्याकडे होती. १९४६ मध्ये निवृत्त झाले आणि 'अमेरिकन रायफलमन' या मासिकाचं तांत्रिक संपादन पाहू लागले. १९६३ साली ते वारले. आजही कुणाच्या हाती जुनी स्प्रिंगफील्ड रायफल आली, की तो काडतूस भरण्याआधी ती उजेडात धरतो आणि क्रमांक बघतो : आठ लाखांच्या आतला की पुढचा.