लोखंडी नांगर आणि माझे दुसरे वर्ष

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी विषय काढला : कॉलेज सोडावे, दोन एकर जिराईतावर कर्ज काढून वेल्डिंगचे दुकान टाकावे. मलाही ते पटू लागले होते.

त्याच सुट्टीत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र वाचले. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला त्यांचा जन्म झाला. शाळेत मन रमेना, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तेथे रंगांधळेपणा आड आला. मग ते यांत्रिक रेखाटन शिकले व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. ती नोकरी चालू असतानाच बेळगावला सायकलींचे दुकान निघाले. ते बंधू रामूअण्णा सांभाळीत. पुढे बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. कडबा कापण्याचे यंत्र झाले, लोखंडी नांगर झाला. पण लोखंडाने जमीन नासते या समजुतीने नांगर पडून राहिले. तरी ते डगमगले नाहीत. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. १९५६ साली ते गेले.

त्यांनी शाळा सोडली, शिकणे नव्हे. शिवाय दुकानाच्या पाठीशी पगार होता. माझ्या पाठीशी काय? तेच दोन एकर!

वडिलांना सांगितले, बी. ए. पुरी करतो, सुट्टीत वेल्डिंग शिकतो. ते काही बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या सत्राची फी त्यांनी वेळेवर पाठवली.