पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली!

समजा, तुम्ही एक वस्तू बनवलीत. चांगली बनवलीत. बाजारात मांडली आणि दोन महिन्यांत एकही गिर्‍हाईक फिरकलं नाही. तुम्ही काय कराल? दुकान बंद? घरचे म्हणतील तशी एमपीएससीची तयारी? आता दोन महिन्यांच्या जागी दोन वर्षं धरा. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचं हेच झालं होतं. शेतातल्या पंपावर तुम्ही ज्यांचं आडनाव वाचत मोठे झालात, तेच हे किर्लोस्कर.

आज कॉलेजात स्टार्टअपचा विषय निघाला की गाडी थेट फंडिंगवर जाते. आयडिया आहे रे, पण पैसे कोण देणार? लक्ष्मणरावांची गोष्ट त्यासाठीच ऐकण्यासारखी आहे. त्यांनाही फंडिंग मिळालं, पण ते फार उशिरा आलं. त्याच्या आधी काय काय घडलं, ते बघा.

पहिलं करिअर फसलं

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. वडिलांना हे पसंत नव्हतं, पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांच्या मदतीने 1885 मध्ये लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की आपल्याला काही रंगांतला फरकच दिसत नाही! चित्रकाराला यापेक्षा वाईट बातमी ती काय असणार?

रंग गेले, पण रेषा हातात होती. त्यांनी यंत्रांची रेखाटनं शिकून घेतली आणि त्या जोरावर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये हाच विषय शिकवण्याची नोकरी मिळवली. तास संपला की सरळ खोली न गाठता ते तिथल्या वर्कशॉपमध्ये रमायचे. यंत्र उघडायचं, जोडायचं, चालवून बघायचं. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ते इंजिनिअर झाले ते या वर्कशॉपमध्ये.

नोकरी आणि साइड बिझनेस

त्याच काळात मुंबईत सायकल नवी नवलाई होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला धाडायचे. तिथे रामूअण्णा त्या विकायचे. पण नुसतं विकून भागणार कसं? ज्याला चालवताच येत नाही तो सायकल घेईल कशाला? मग रामूअण्णा 15 रुपये घेऊन सायकल शिकवायचे. गिर्‍हाईक अडतंय कुठे ते ओळखायचं आणि तिथेच धंदा शोधायचा. हे दोघा भावांना तेव्हाच उमगलं होतं.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली आणि लक्ष्मणरावांना डावललं गेलं. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. राग आला म्हणून ते हवेत उडी मारून मोकळे झाले नाहीत. पायाखाली चालू दुकान होतं, हातात यंत्रांची कला होती आणि जोडीला विश्वासाचा भाऊ होता.

मागणी नसलेला माल

बेळगावात सायकलींच्या जोडीला छोटा कारखाना उभा राहिला. सुरुवातीच्या मालात होतं कडबा कापायचं यंत्र आणि मग आला लोखंडी नांगर. लाकडी नांगरापेक्षा खोल जाणारा, माती पलटणारा. म्हणजे शेतकर्‍यांच्या उड्या पडायला हव्यात ना?

कसलं काय! लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष कालवलं जातं, असा तेव्हा पक्का समज होता. बरं, त्या शेतकर्‍याला अडाणी म्हणून हसणं सोपं आहे. त्याच्या जागी उभे राहून बघा. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करणार. हे लोखंडी धूड मोडलं तर कुणाकडे जायचं? आणि खरंच जमीन बिघडली तर खायचं काय? पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

ही दोन वर्षं नुसत्या जिद्दीवर निघत नसतात. रोजचा खर्च भागवायला दुसरा काहीतरी चालता धंदा लागतो. ज्या वस्तूवर तुमचा जीव आहे, तीच पहिल्या दिवसापासून तुम्हाला पोसेल असं नाही. अनेकांची आयडिया चुकीची नसते. ती लोकांच्या गळी उतरायच्या आत त्यांच्याजवळचे पैसे संपतात, एवढंच.

बत्तीस एकर निवडुंग

नांगर कुठे रुळतोय तोवर दुसरं संकट. बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितलं. आता जायचं कुठे?

इथे येतं ते फंडिंग. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. लक्ष्मणरावांशी त्यांचा स्नेह होता आणि औंधला यमाईच्या देवळाचा सभामंडप उभारण्याचं काम लक्ष्मणरावांनी केलं होतं. म्हणजे राजांनी त्यांचं काम डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी 10 हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन देऊ केली. तुमच्या-माझ्या ओळखीत राजा नाही, हे कबूल. पण त्या राजानेही गोड बोलण्यावर पैसे दिले नव्हते. आधीचं काम बघून दिले होते.

जमीन कसली, तर निवडुंगाचं रान आणि सापांचा सुळसुळाट. मार्च 1910 मध्ये साधारण पंचवीस कामगार आपापली कुटुंबं घेऊन तिथे राहायला आले. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. स्टेशनचं नावही पुढे तेच झालं.

त्यांची टीम बघाल तर चक्रावून जाल. वसाहत वसवायचं काम रामूअण्णांकडे, इंजिनिअरिंग शंभोराव जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे, पडेल ते काम करायला के. के. कुलकर्णी. अनंतराव फळणीकरांनी तर शाळा अर्धवट सोडलेली, पण यंत्रात डोकं असं की विचारू नका. रात्रीच्या पहार्‍यावर चक्क तुरुंगवास भोगून आलेली माणसं नेमली होती. ज्यांना जगाने दार लावलं, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी कारखान्याची राखण दिली.

मग नांगराच्या पाठोपाठ चरक आले, पंप आले. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याची माहिती लोकांपर्यंत नेणारं हे पत्रक पुढे 'किर्लोस्कर' या नावाने मराठीतलं गाजलेलं मासिक झालं! गिर्‍हाइकाशी बोलत राहायचं, ही सायकल शिकवण्यापासूनची सवय इथेही दिसते.

तर मुद्दा काय?

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढलं. पण तुम्ही धंदा सुरू करणार असाल, तर तिकिटाआधीची ती दोन वर्षं डोळ्यांपुढे ठेवा.

आज रात्री एक कागद घ्या. एकही ऑर्डर आली नाही तर आपण किती महिने तग धरू, हे प्रामाणिकपणे लिहा. त्याखाली लिहा, दरम्यान रोजचा खर्च कशातून निघेल. आणि सगळ्यात खाली लिहा, गिर्‍हाईक नेमकं कशाला घाबरतंय. तिसर्‍या प्रश्नाचं उत्तर घरी बसून मिळणार नाही. त्यासाठी बांधावर जावं लागेल. तुमचा बांध कॅन्टीनमध्ये असेल, नाहीतर बाजारपेठेत.

कागद कोरा राहिला तर घाबरू नका. इन्व्हेस्टरकडे जाण्याआधी अजून कुठलं काम बाकी आहे, ते तरी कळलं.