संत जॉन बॉस्को आणि आपल्या मुलांचे धर्मशिक्षण



दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण साजरा करते. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेमुळे आणि तिथल्या मरियामातेच्या मंदिरामुळे हे नाव आपल्या परिचयाचे आहे. परंतु ज्यांचे नाव ह्या शाळांना दिले गेले ते स्वतः मुलांना काय शिकवीत आणि कसे शिकवीत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुलांच्या अंगी सचोटी आणि श्रद्धा कशी बाणवावी हा प्रश्न आज आपल्या घराघरांत आहे. म्हणून ह्या रविवारी त्यांचे जीवन थोडक्यात पाहू या.

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीत, कास्तेलनुओव्हो गावाजवळच्या बेक्की ह्या वाडीत, एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. तो दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा वडील फ्रान्सिस वारले. सासू, सावत्र मुलगा अँथनी, आणि जोसेफ व जॉन ही पोटची दोन मुले, असा सारा भार आई मार्गारेटवर पडला. तिला लिहितावाचता येत नव्हते. परंतु प्रार्थना आणि धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे तिला तोंडपाठ होती. मुलांना ती तिनेच शिकविली.

जॉनच्या चरित्रकाराने त्याच्या बालपणीचा एक प्रसंग नोंदविला आहे. आई बाहेर गेली असता फळीवरचे काही काढताना लहानग्या जॉनच्या हातून तेलाचे भांडे पडून फुटले. गरिबाघरी तेल सांडणे म्हणजे मोठे नुकसान. जॉनने मग कुंपणाची एक काठी तोडली आणि आईच्या वाटेवर जाऊन उभा राहिला. ती येताच त्याने घडले ते सांगितले आणि काठी तिच्या हाती दिली. आईला हसू आले. तिने त्याला क्षमा केली आणि पुढे नीट विचार करून वागण्यास सांगितले. ज्या घरात खरे बोलल्याने आईची माया कमी होत नाही, त्या घरात मूल खरे बोलायला शिकते.

पुढे जॉनच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाची वेळ आली. त्या उपवासकाळात आई त्याला तीन वेळा पापनिवेदनासाठी घेऊन गेली. ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी ती त्याच्यासोबत वेदीपर्यंत आली आणि प्रार्थनेत त्याच्या शेजारी राहिली. मुलाला चर्चच्या दारात सोडून ती परतली नाही.

५ जून १८४१ रोजी जॉन धर्मगुरू झाले. इटलीत धर्मगुरूंना आदराने डॉन म्हणत, म्हणून ते डॉन बॉस्को. त्याच वर्षी ८ डिसेंबरला, निष्कलंक मातेच्या सणादिवशी, ट्युरिन शहरातील संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांच्या चर्चमध्ये ते मिस्साची तयारी करीत होते. बार्थोलोम्यू गारेली नावाचा सोळा वर्षांचा एक अनाथ मुलगा सॅक्रिस्टीत आला. त्याला मिस्साला मदत करता येत नाही हे कळताच सेवेकऱ्याने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावून घेतले आणि हा माझा मित्र आहे असे सेवेकऱ्याला बजावले. चौकशी करता कळले, की लहान मुलांना आपल्यापेक्षा अधिक येते ह्या लाजेने तो धर्मशिक्षणाला जात नव्हता. डॉन बॉस्कोंनी त्याच्यासोबत नमो मरिया म्हटली आणि तिथेच पहिला वर्ग सुरू झाला. माराने मूल देवळाच्या दारातून पळते, मैत्रीने ते परत येते.

१८४६ साली ट्युरिनच्या वाल्दोक्को भागात डॉन बॉस्कोंनी मुलांसाठी कायमची जागा मिळविली. त्याच वर्षी आई आपले गाव सोडून मुलांच्या सेवेसाठी तिथे राहायला आली. तिथे त्यांना कटू अनुभवही आले. आसरा दिलेल्या काही पोरांनी पांघरुणेच चोरून नेली. तरीही १८४७ च्या मे महिन्यात, पावसाने चिंब झालेला एक अनाथ मुलगा रात्री दारात आला, तेव्हा त्यांनी त्याला घरात घेतले. जेवू घातले. विटा रचून, वर फळ्या टाकून स्वयंपाकघरातच त्याचे अंथरूण केले. झोपण्यापूर्वी आईने त्याला काम, इमानदारी आणि धर्म ह्यांविषयी चार शब्द सांगितले. सेलेशियन संस्थांमध्ये मुलांना रात्री झोपण्यापूर्वी उपदेशाचे चार शब्द सांगण्याची प्रथा त्या रात्रीपासून सुरू झाली.

ह्या प्रसंगातील एक बारीक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. त्या रात्री स्वयंपाकघराला कुलूप लावण्यात आले. विश्वास टाकणे म्हणजे डोळेझाक करणे नव्हे. मुलाला चोरीची संधी मिळू न देणे, हीदेखील प्रीतीच आहे. मात्र नुसते कुलूप लावून डॉन बॉस्को थांबले नाहीत. आधी जेवण, अंथरूण आणि आईचे शब्द दिले.

ह्याच विचारातून पुढचे कार्य उभे राहिले. कारखान्यात शिकाऊ म्हणून जाणाऱ्या मुलांसाठी ते १८५१ पासून मालकांशी लेखी करार करू लागले. मुलाला मारायचे नाही, चूक शब्दांनी सुधारायची, अशी अट त्यांत असे. १८५९ साली सेलेशियन संघाची स्थापना झाली. १८७७ साली त्यांनी आपली शिक्षणपद्धती लिहून काढली. विवेक, धर्म आणि ममता हे तिचे तीन आधार. चूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा, मूल चुकू नये म्हणून मोठ्यांनी त्याच्यासोबत असावे, हा तिचा गाभा. १८८४ साली रोमहून पाठविलेल्या पत्रात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना एक कळकळीची गोष्ट कळविली. मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, आपल्यावर प्रेम केले जात आहे हे मुलांना जाणवले पाहिजे. ३१ जानेवारी १८८८ रोजी ते देवाघरी गेले. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थानाच्या सणादिवशी, पोप पायस अकरावे ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले.

बंधुभगिनींनो, तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल शिकवितो की सद्गुण व्याख्या पाठ करून येत नाही, तो रोजच्या सवयीने अंगी बाणतो. रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग तासाभराचा असतो. सवयी लागतात त्या घरात. फोन आला की बाबा घरी नाहीत म्हणून सांग, असे आपणच मुलाला सांगतो आणि दहा आज्ञाही त्यालाच पाठ करायला लावतो. कमी गुणांची पत्रिका ते दप्तरात लपविते तेव्हा आपण संतापतो. पण खरे सांगायला ते का घाबरले, हे स्वतःला विचारतो का?

ह्या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. मुलाने चूक कबूल केली, तर आधी त्याच्या खरेपणाला दाद देऊ या, मग झालेली चूक दुरुस्त करायला त्याला मदत करू या. आणि रात्रीच्या प्रार्थनेनंतर मोबाईल बाजूला ठेवून मुलांजवळ पाच मिनिटे बसू या, मार्गारेट त्या अनोळखी पोराजवळ बसली तशी.

संत जॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी आणि आम्हां पालकांसाठी विनंती करा.