विश्लेषण : सोडतीने पद मिळालेला सॉक्रेटिस सोडतीवरच टीका का करत होता?

कायदे करणारे प्रतिनिधी मतदानाने निवडण्याऐवजी सामान्य नागरिकांतून सोडत काढून का नेमू नयेत, असा प्रश्न अलीकडे अनेक देशांत विचारला जातो. सभागृहात श्रीमंत, वजनदार आणि पक्षांच्या मर्जीतले लोकच पोहोचतात, ही त्यामागची तक्रार. कल्पना मात्र नवी नाही. प्राचीन अथेन्सची लोकशाही दीड शतकाहून अधिक काळ मुख्यतः सोडतीवर चालली. तिचा सर्वांत प्रसिद्ध टीकाकार म्हणजे सॉक्रेटिस. त्याला आयुष्यातले एकमेव राजकीय पद सोडतीने मिळाले आणि सोडतीने नेमलेल्या पंचांनीच त्याला मृत्युदंड दिला.

सॉक्रेटिसची पार्श्वभूमी काय होती?

सॉक्रेटिसचा जन्म इ.स.पूर्व ४७०च्या सुमारास अथेन्समध्ये झाला. वडील सोफ्रोनिस्कस पाथरवट होते असे परंपरा सांगते, तर आई फिनारेटी सुईण होती. पोटिडिया, डेलियम आणि अँफिपोलिस येथील मोहिमांत तो पायदळात लढला. त्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही. त्याच्याविषयीची माहिती प्रामुख्याने प्लेटो आणि झेनोफन या शिष्यांच्या लेखनातून मिळते. दिवसभर बाजारात, व्यायामशाळेत लोकांना प्रश्न विचारत फिरणे हा त्याचा उद्योग. स्वतःला जाणकार समजणाऱ्याला तो प्रश्नांच्या कोंडीत पकडत असे. तरुणांना त्याची मजा वाटे, प्रतिष्ठितांना राग येई.

अथेन्समधील सोडत कशी होती?

जनसभेपुढे कोणते विषय यावेत हे ठरवणारी ५०० जणांची परिषद सोडतीने नेमली जाई. अथेन्सच्या दहा जमातींतून प्रत्येकी ५० सदस्य, वय किमान ३० वर्षे, मुदत एक वर्ष आणि आयुष्यात फार तर दोनदा सदस्यत्व असे नियम होते. प्रत्येक जमातीचे ५० सदस्य वर्षाचा दहावा भाग अध्यक्ष मंडळ म्हणून काम पाहत. त्यांच्यातूनही रोज सोडतीने एक जण त्या दिवसाचा अध्यक्ष होई. खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याची मोहोर एक दिवस-रात्र त्याच्या ताब्यात असे. न्यायालयांसाठी दरवर्षी ६ हजार पंचांची यादी सोडतीने तयार होई. सेनापतींची मात्र निवडणूकच होई, कारण युद्धाला कौशल्य लागते हे अथेन्सलाही मान्य होते.

निवडणुकीऐवजी सोडत कशासाठी?

निवडणुकीत नावाजलेली घराणी, पैसा आणि वक्तृत्व जिंकते, म्हणून ती मूठभरांच्या हिताची. सोडतीपुढे मात्र सगळे सारखे, असे ग्रीकांचे गणित होते. पद कोणाला मिळणार हे आधी कळत नसल्याने वशिला लावणेही अवघड. पंचांना दैनंदिन भत्ता मिळे, त्यामुळे गरीबही काम करू शकत. पदावर येण्यापूर्वी पात्रतेची तपासणी आणि पद सोडताना हिशेब देणे सक्तीचे होते. अर्थात ही समानता केवळ पुरुष नागरिकांपुरती होती. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक सोडतीत नव्हतेच.

इ.स.पूर्व ४०६ मध्ये नेमके काय घडले?

त्या वर्षी साठीपार केलेला सॉक्रेटिस परिषदेत होता. अर्गिनुसाईच्या सागरी लढाईत अथेन्सने स्पार्टाला हरवले, पण बुडत्या जहाजांवरील खलाशांना वादळामुळे वाचवता आले नाही. संतप्त शहराने मोहिमेच्या आठ सेनापतींना दोषी धरले. त्यांतले सहा परतले होते. प्रत्येकाचा वेगळा खटला न चालवता सर्वांचा फैसला एकाच मतदानाने करावा, असा प्रस्ताव आला. तो बेकायदा असल्याने अध्यक्ष मंडळातील काहींनी मतदान घेण्यास नकार दिला. जमाव खवळला. नकार देणाऱ्यांनाही त्याच आरोपात ओढण्याची धमकी मिळाली आणि मंडळ नमले. त्या दिवशी आपल्या जमातीतर्फे मंडळात बसलेला सॉक्रेटिस तेवढा नमला नाही. झेनोफनने एके ठिकाणी तर तोच त्या दिवसाचा अध्यक्ष असल्याचे नोंदवले आहे. प्रस्ताव तरीही मंजूर झाला आणि सहाही सेनापतींना ठार करण्यात आले. त्यांत पेरिक्लीसचा मुलगाही होता. पुढे शहराला पश्चात्ताप झाला, पण गेलेले जीव परत येणार नव्हते.

सॉक्रेटिसचा आक्षेप काय होता?

जहाजाचा सुकाणूधारी, घर बांधणारा कारागीर किंवा बासरीवादक कोणी सोडतीने निवडत नाही. मग त्याहून मोठे नुकसान करू शकणारे राज्यकर्ते तसे का नेमायचे, असा त्याचा युक्तिवाद असल्याचे झेनोफन सांगतो. या बोलण्यामुळे तरुण प्रस्थापित व्यवस्थेला तुच्छ लेखतात, असा ठपका त्याच्यावर पुढे ठेवला गेला. मात्र तो मूठभरांच्या सत्तेचाही मिंधा नव्हता. इ.स.पूर्व ४०४ मध्ये स्पार्टाच्या पाठिंब्याने तीस जणांची जुलमी राजवट आली. सॅलमिसच्या लिऑनला पकडून आणण्याचा हुकूम तिने सॉक्रेटिससह पाच जणांना दिला. चौघे गेले, सॉक्रेटिस सरळ घरी निघून गेला. त्या राजवटीचा एक म्होरक्या क्रिटियस एकेकाळी त्याच्या सहवासातला होता, ही गोष्ट मात्र लोक विसरले नाहीत.

खटल्यात काय झाले?

लोकशाही परतल्यावर, इ.स.पूर्व ३९९ मध्ये, सत्तरीच्या सॉक्रेटिसवर खटला भरला गेला. शहराचे देव न मानणे, नवी दैवते आणणे आणि तरुणांना बिघडवणे हे आरोप होते. पुढे सोडतीने नेमलेले सुमारे ५०० पंच होते. सुनावणी एका दिवसाची. कायदा समजावून सांगणारा न्यायाधीश नाही आणि पंचांनी आपसात चर्चा करण्याची सोयही नाही. दोन्ही बाजू ऐकायच्या आणि मत टाकायचे. प्लेटोच्या वृत्तांतानुसार फक्त ३० मते फिरली असती तर तो सुटला असता. शिक्षा सुचवण्याची पाळी आली तेव्हा त्याने आधी शहराच्या खर्चाने भोजनाचा मान मागितला आणि मग दंड भरण्याची तयारी दाखवली. पंचांनी मृत्युदंड दिला. तुरुंगातून पळून जाण्याची मित्रांची योजनाही त्याने नाकारली आणि विषाचा प्याला घेतला.

मग सोडतीची पद्धत चुकीची ठरते का?

इतके सरळ उत्तर नाही. सेनापतींचा बळी घेणाऱ्या जनसभेत सोडत नव्हतीच. तिथे जो येईल तो मत देई आणि ज्याचा आवाज मोठा त्याची सरशी होई. तिला रोखण्याची जबाबदारी सोडतीने आलेल्या मंडळावर होती. ते कोलमडले, पण एकटा उभा राहिलेला माणूसही त्याच सोडतीने तिथे आला होता. लोकांना टोचणारे प्रश्न विचारणारा सॉक्रेटिस निवडणुकीत जिंकला असता का, हेही विचारायला हवे. पंचांचा दोष वेगळा होता. त्यांच्यात सामान्य माणसांचे प्रतिबिंब होते, पण विचार करायला वेळ आणि बोलायला जागा नव्हती.

आजचे प्रयोग वेगळे कसे?

नेमकी हीच उणीव भरण्याचा आजचा प्रयत्न आहे. आयर्लंडच्या नागरिक सभेत ९९ सामान्य नागरिक होते. त्यांनी अनेक शनिवार-रविवार तज्ज्ञांना आणि दोन्ही बाजूंना ऐकले, गटांत चर्चा केली आणि मग गर्भपातबंदी उठवण्याची शिफारस केली. अंतिम निर्णय २०१८ मध्ये सार्वमताने झाला. फ्रान्समध्ये २०१९-२०मध्ये १५० नागरिकांनी हवामान बदलावर शिफारशी दिल्या, पण त्यांतल्या अनेक सरकारने सौम्य केल्या किंवा बाजूला ठेवल्या. म्हणजे सोडतीने सभा प्रातिनिधिक होते, तिच्या शब्दाला वजन आपोआप येत नाही. महाराष्ट्रात सोडत ओळखीची आहे ती महापौरपदाच्या आणि प्रभागांच्या आरक्षणापुरती. माणसे मात्र निवडणुकीनेच येतात. राज्य चालवायला ज्ञान हवे, हा सॉक्रेटिसचा प्रश्न दोन्ही पद्धतींना लागू आहे. निवडून आलेल्यांनाही तो तितकाच विचारता येतो.