पायामुळे अडवलेला गणिती

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये पॅरिसच्या ‘एकोल पॉलितेक्निक’ या संस्थेचा दबदबा मोठा होता. तिथे प्रवेश मिळाला, की पुढच्या आयुष्याची चिंता मिटली असे समजले जाई. १८४२ मध्ये शार्ल एर्मीत या १९ वर्षांच्या तरुणाने तिथली प्रवेश परीक्षा दिली आणि तो ६८वा आला. क्रमांक फार वरचा नव्हता, पण प्रवेश मिळाला. वर्षभर तो तिथे शिकला आणि मग त्याला पुढे शिकू देण्यास नकार मिळाला. नकाराचे कारण अभ्यासातले नव्हते. त्याच्या उजव्या पायात व्यंग होते आणि तो काठीच्या आधाराने चालत असे.

या नियमामागे एक इतिहास होता. नेपोलियनने १८०४ मध्ये या संस्थेला लष्करी शिस्त लावली होती. इथून बाहेर पडणारे विद्यार्थी तोफखान्यात, तटबंदीच्या कामावर किंवा रस्ते, पूल आणि खाणी यांच्या सरकारी खात्यांत जात. त्यामुळे उमेदवार शरीराने धडधाकट असावा, ही अट होती. एर्मीतच्या बाजूने काही वजनदार माणसे उभी राहिली आणि निर्णय फिरवला गेला. मात्र त्याबरोबर कडक अटी आल्या. त्या न मानता एर्मीतने संस्था सोडली. हातात पदवी नव्हती.

आज विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे नाव ‘हर्माइट’ या इंग्रजी उच्चाराने भेटते. हर्माइट बहुपदी, हर्मिशियन मॅट्रिक्स हे शब्द पुंज भौतिकीच्या पहिल्याच काही तासांत कानावर पडतात. ज्याच्या नावाने ते ओळखले जातात, त्याला एका संस्थेने पायाकडे बघून नाकारले होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

एर्मीत यांचा जन्म २४ डिसेंबर १८२२ रोजी लॉरेन प्रांतातल्या दियूझ या गावी झाला. सात भावंडांत ते सहावे. वडिलांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते, पण पुढे ते सासरच्या कापडाच्या व्यापारात शिरले. व्यापार वाढला तसे कुटुंब नान्सी शहरात राहायला गेले. तिथून शार्ल शिक्षणासाठी पॅरिसला आला. लुई-ल-ग्रां या शाळेत त्याला रिशार नावाचे शिक्षक लाभले. याच रिशार यांनी काही वर्षांपूर्वी एव्हारिस्त गाल्वा या विलक्षण मुलाला शिकवले होते. गाल्वा पॉलितेक्निकच्या प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झाला आणि विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात मरण पावला. तीच परीक्षा देणारा एर्मीतही पाठ्यपुस्तकांत रमणारा नव्हता. ठरावीक अभ्यासक्रम बाजूला ठेवून तो लाग्रांज आणि गाउस यांचे मूळ ग्रंथ वाचत बसे.

पॉलितेक्निकचे प्रकरण चालू असतानाच त्याचे खरे काम सुरू झाले होते. जोसेफ ल्यूव्हील या गणितज्ञाच्या सांगण्यावरून त्याने जानेवारी १८४३ मध्ये जर्मनीतल्या याकोबी यांना आपल्या संशोधनाविषयी पत्र लिहिले. याकोबी म्हणजे त्या काळातले गणितातले मोठे प्रस्थ. विशीतल्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची त्यांनी गंभीरपणे दखल घेतली. त्यामुळे एर्मीत यांची स्थिती मोठी विचित्र झाली. युरोपातले आघाडीचे गणितज्ञ त्यांना ओळखत होते, पण फ्रान्समध्ये शिकवण्यासाठी लागणारी साधी पदवी त्यांच्याकडे नव्हती. ती मिळवायला १८४७ साल उजाडले. पुढच्याच वर्षी त्यांची नेमणूक झाली ती पॉलितेक्निकमध्येच. ज्या दारातून त्यांना बाहेर पडावे लागले होते, तिथेच ते प्रवेश परीक्षेचे परीक्षक झाले. त्याच वर्षी त्यांनी गणितज्ञ मित्र जोसेफ बेर्त्रां यांच्या बहिणीशी, लुईझशी, लग्न केले.

१८५६ हे वर्ष सुखदुःखाचे ठरले. जुलैमध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली आणि याच वर्षी त्यांना देवीचा आजार झाला. जेन्नर यांची देवीची लस येऊन तोवर ६० वर्षे झाली होती, पण फ्रान्समध्ये ती सर्वांना सक्तीची झाली १९०२ मध्ये. मधल्या काळात देवीने अनेकांचे बळी घेतले आणि कितीतरी जणांची दृष्टी नेली. या आजारपणात ज्येष्ठ गणितज्ञ कोशी यांनी एर्मीत यांना धीर दिला. कोशी अत्यंत धार्मिक होते आणि त्यांच्या प्रभावाने एर्मीत कॅथलिक पंथाकडे वळले. ती श्रद्धा त्यांच्याबरोबर अखेरपर्यंत राहिली.

बरे झाल्यावरच्या दोन दशकांत त्यांच्या हातून मोठी कामे झाली. १८५८ मध्ये त्यांनी पाचव्या घाताचे समीकरण सोडवण्याची नवी रीत दिली. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळे एवढ्याच साधनांनी असे समीकरण सर्वसाधारणपणे सुटत नाही, हे आबेल यांनी आधीच सिद्ध केले होते. एर्मीत यांनी त्यासाठी विवृत्तीय फलनांचे वेगळे साधन वापरले.

१८६४ मध्ये त्यांनी ज्या बहुपदींवर लेख लिहिला, त्या आज त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. बहुपदी आपल्याला शाळेपासून माहीत असते. क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन यांना आकड्यांनी गुणून केलेली ती बेरीज-वजाबाकी. एर्मीत यांच्या बहुपदींचे वैशिष्ट्य असे, की त्या सुट्या सुट्या नाहीत, सगळ्यांचे मूळ एकच आहे. गणितातली प्रसिद्ध ‘ई’ ही संख्या, म्हणजे सुमारे २.७१८२८, घ्यायची. तिच्या घाताच्या जागी ‘२ गुणिले क्ष गुणिले य, वजा यचा वर्ग’ एवढे लिहायचे. ही राशी यच्या चढत्या घातांत पसरली, की प्रत्येक घातासोबत, ठरलेल्या संख्येने गुणल्यावर, एक एक बहुपदी बाहेर येते. पहिली नुसती १, दुसरी २ क्ष, तिसरी ४ क्ष वर्ग वजा २, आणि ही रांग कधीच संपत नाही. एका राशीत अशी अख्खी रांग सामावलेली असते, म्हणून तिला जनक फलन म्हणतात.

जनक फलनाचा फायदा असा, की सगळ्या बहुपदींचे गुणधर्म एकदम हाती लागतात. कोणत्याही दोन लागोपाठच्या बहुपदींवरून पुढची कशी काढायची, याचा नियम त्यातून मिळतो. कोणत्याही बहुपदीच्या बदलाचा दर काढला, तर तिच्या आधीचीच बहुपदी एका संख्येने गुणून परत मिळते. प्रत्येक बहुपदी वेगळी तपासत बसावे लागत नाही.

या बहुपदींचा सर्वांत उपयोगी गुण म्हणजे त्या एकमेकींना ‘लंब’ असतात. कागदावर पूर्वेकडे कितीही सरकले, तरी उत्तरेकडचे अंतर बदलत नाही, कारण दोन दिशा काटकोनात आहेत. बहुपदींतही असेच घडते. दोन वेगळ्या एर्मीत बहुपदींचा गुणाकार करायचा, त्याला मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणाऱ्या घंटेच्या आकाराच्या वक्राने गुणायचे आणि सगळ्या किमतींची बेरीज घ्यायची. धन भाग आणि ऋण भाग नेमके एकमेकांना खोडतात, उत्तर शून्य येते. पहिल्या दोन बहुपदींत हे सहज दिसते. त्यांचा गुणाकार २ क्ष. तो शून्याच्या उजवीकडे जितका धन, तितकाच डावीकडे ऋण.

या बहुपदींवर पूर्णपणे एर्मीत यांचाच हक्क नाही. त्यांच्या आधी लाप्लास आणि रशियातले चेबिशेव यांच्या लेखनात त्या येऊन गेल्या होत्या. एर्मीत यांनी त्या एकाऐवजी अनेक चलांपर्यंत नेल्या. पुढच्या गणितज्ञांनी जनक फलनातच फेरफार करून नवी कुटुंबे तयार केली. १९६२ मध्ये गोल्ड आणि हॉपर यांनी यच्या वर्गाच्या जागी त्याचा कोणताही घात चालेल अशी मांडणी केली आणि अशा व्यापक बहुपदींचा अभ्यास आजही चालू आहे.

एर्मीत गेल्यानंतर पाव शतकाने, १९२६ मध्ये, श्रोडिंगर यांनी पुंज भौतिकीचे आपले समीकरण मांडले. स्प्रिंगसारख्या कंप पावणाऱ्या कणासाठी त्या समीकरणाची उत्तरे काढली, तर एर्मीत बहुपदी आणि घंटेचा वक्र यांचे गुणाकार मिळतात. रेणूंतले बंध कसे थरथरतात, याचे पहिले गणित इथूनच सुरू होते.

हेच गुणाकार हृदयाच्या आलेखाच्या अभ्यासातही उपयोगी पडले आहेत. ईसीजीमध्ये प्रत्येक ठोक्याला जो उंच, टोकदार भाग दिसतो, तो हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावताना उमटतो. पहिला एर्मीत आकार एका उंचवट्याचा, दुसरा एक चढ आणि एक उतार असलेला, तिसऱ्यात आणखी एक वळण. हे आकार योग्य प्रमाणात मिसळले, की ठोक्याचा तो टोकदार भाग बराचसा जुळतो आणि मोजक्या आकड्यांत त्याचे वर्णन होते. आकार एकमेकांना लंब असल्याने प्रत्येक आकडा स्वतंत्र राहतो, नवा मिळवला म्हणून आधीचे बदलावे लागत नाहीत. चोवीस तासांच्या होल्टर तपासणीत सुमारे एक लाख ठोके नोंदले जातात. ते सगळे डोळ्यांनी तपासणे कठीण. संशोधकांनी या आकड्यांच्या मदतीने संगणकाकडून सारख्या ठोक्यांचे गट पाडून घेण्याच्या पद्धती तयार केल्या आहेत. वेगळा दिसणारा ठोका धोक्याचा आहे की नाही, हे ठरवणे मात्र डॉक्टरांचेच काम.

१८७३ मध्ये एर्मीत यांनी ‘ई’ या संख्येविषयीच एक मोठा प्रश्न सोडवला. पूर्णांकांनी बनलेल्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे ती उत्तर असू शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. नऊ वर्षांनी लिंडेमान यांनी त्याच वाटेने जाऊन ‘पाय’ या संख्येविषयी तेच दाखवले आणि वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस फक्त पट्टी-कंपासने काढण्याचा दोन हजार वर्षांहून जुना प्रश्न निकालात निघाला.

पूर्ण प्राध्यापकपद एर्मीत यांना १८६९ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी मिळाले. त्यानंतर सोरबॉन विद्यापीठात ते १८९७ पर्यंत शिकवत राहिले. हेन्री प्वांकारे यांच्या प्रबंधाला त्यांचेच मार्गदर्शन होते. पण त्यांच्या स्वभावाची खरी ओळख होते ती टॉमस स्टिल्टजेस या डच तरुणाच्या प्रकरणातून. स्टिल्टजेस डेल्फ्टमध्ये वारंवार परीक्षा नापास झाले होते आणि लायडनच्या वेधशाळेत साहाय्यक होते. १८८२ मध्ये त्यांनी एर्मीत यांना पत्र लिहिले. साठीला टेकलेल्या एर्मीत यांनी पदवीची विचारणा न करता उत्तर दिले. बारा वर्षांत दोघांमध्ये ४३२ पत्रे झाली. ख्रोनिंगन विद्यापीठात स्टिल्टजेस यांचे नाव पुढे असूनही पदवी नसल्याने ती जागा त्यांना मिळाली नाही. पुढे एर्मीत यांच्या पाठिंब्याने ते फ्रान्समध्ये आले आणि १८८६ मध्ये तुलूझला शिकवू लागले. एर्मीत बहुपदी ज्या किमतींना शून्य होते, ती स्थाने म्हणजे एका रेषेवर एकमेकांना दूर ढकलणाऱ्या, पण मध्याकडे ओढल्या जाणाऱ्या विद्युत भारांच्या स्थिरावण्याच्या जागा, हे सुंदर निरीक्षण स्टिल्टजेस यांचेच.

स्टिल्टजेस १८९४ च्या शेवटच्या दिवशी, अवघ्या ३८व्या वर्षी गेले. तेव्हा एर्मीत ७२ वर्षांचे होते. १४ जानेवारी १९०१ रोजी पॅरिसमध्ये त्यांचेही निधन झाले. पायाच्या व्यंगावरून माणसाच्या बुद्धीचा अंदाज लागत नाही आणि परीक्षेच्या निकालावरूनही नेहमी लागत नाही. पहिली गोष्ट एर्मीत यांना स्वतः सोसावी लागली. दुसरी त्यांनी स्टिल्टजेस यांच्या बाबतीत वेळेवर ओळखली.